बारदान

सिलिंडरच्या गळ्याशी, कड्याच्या पट्टीवर
ठोकून लिहिलेलं असतं : १५.९
कुणी वाचत नाही.
मी वाचतो. एकतीस वर्षं लातूरच्या मोंढ्यात मापाडी होतो,
मला आधी बारदान दिसतं,
मग माल.

आमच्या घरी चौदा पोरांचे डबे होतात,
क्लाससाठी आलेली पोरं, उदगीरची, जळकोटची, एक तर पार देगलूरचा.
आणि गॅस जातो तो नेमका
तव्यावर भाकर अर्धी फुगलेली असताना.
चंद्रकला टाकी हलवून बघते,
ओलं फडकं फिरवून ओल कुठवर टिकते ते बघते.
शेजारच्या शहनाज आपा बोटाच्या पेरानं वाजवून सांगतात,
"अजून आठ दिस बघायचं काम नाही,"
आणि ती त्याच संध्याकाळी संपते.

म्हणून मार्चात मी गंजगोलाईतून
एक बिघडलेला वजनकाटा आणून फोडला.
आत चार पट्ट्या, बोटाएवढ्या.
भार पडला की केसभर वाकतात
आणि आपलं वाकणं वायरीतून सांगतात.
डाख लावून दिला जळकोटच्या प्रणितनं,
डॉक्टर व्हायचं त्याचं हे दुसरं वर्ष.
खाली प्लाय, वर प्लाय, मधे पट्ट्या.
आकड्याचं खोकं मात्र बाहेर, पडवीच्या भिंतीला :
गॅसपाशी ठिणगी नको, एवढं मलाही कळतं.

"काय करायलाव हो दोघं मिळून?"

रिकाम्या काट्यानं पहिल्यांदा दाखवलं उणे तीन किलो.
"काका, त्याला शून्य शिकवावं लागतं," प्रणित म्हणाला.
मग माळ्यावरून काढली सरकारी शिक्क्याची मापं,
पाच, दहा, वीस,
एकेक ठेवत त्याला खरं बोलायला लावलं.
तरी दुपारी ऊन चढलं की गॅस दोनशे ग्रॅम वाढायचा,
रात्री उतरायचा.
"फुकटचा हाय," चंद्रकला म्हणाली, "दुपारीच सैपाक करत जाऊ."

जूनमधे नवी टाकी आली.
बारदान १५.९, माल १४.२,
बेरीज ३०.१ हवी.
खोक्यावर २९.३.
टाकी उतरवली, मापं चढवली. काटा खरा होता.
"व्यंकट, आठशे ग्रॅम कमी आहे."
त्यानं खांद्यावरची टॉवेलची घडी सारखी केली.
"मामा, वाटेत उडतं की थोडं."

वाटेत उडतं.

हे वाक्य माझं होतं.
कट्ट्यामागं किलोभर कडता :
मातीचा, ओलाव्याचा, हवेत उडालेला,
मी पेन्सिलीनं लिहायचो, वर न बघता.
समोरचा माणूस बोटाच्या पेरांवर काहीतरी मोजत असायचा,
त्याचं मोजून व्हायच्या आत
मी पुढचा कट्टा ओढायचो.

व्यंकटला बोललो नाही काही. पाणी दिलं.
टाकी परत पाठवली, दुसरी मागवली, तीही तोलली.
जिना उतरताना तो हसला,
का ओझ्यानं तोंड वाकडं झालं,
नीट दिसलं नाही.

चंद्रकलाला किलो पटत नाहीत.
"भाकरीत सांगा की," म्हणते.
मग चार दिवस वही घेऊन चुलीशेजारी बसलो.
ज्वारीची वेगळी, बाजरीची वेगळी,
पिठल्याचा, भाताचा जाळ वेगळा काढला.
किलोला शंभराच्या वर पाच.
प्रणितनं तेवढा हिशोब खोक्यात भरला,
आणि आता पडवीत, निवडुंगाच्या कुंडीच्या वर,
हिरव्या अक्षरात घर आपलं उरलेलं सांगतं.
शहनाज आपा त्यांच्या टाकीचं वजन करायला
पोराच्या हातगाड्यावर घालून आणतात,
जाताना वाजवूनही बघतात.

काल रात्री उठलो.
सगळी गल्ली झोपलेली, वर पोरांच्या खोलीत एक दिवा.
भिंतीवर : भाकरी ४१२.
तांब्या तोंडाला लावला,
आणि मनातल्या मनात, सवयीनं,
त्यातल्या आठ वजा केल्या.